कढीपत्त्याला पाच स्टार, लाकडी घराला शून्य: उन्हाळी फुलपाखरू बागेच्या सामानाचं परीक्षण

फेब्रुवारी सरत आला की नर्सऱ्यांत आणि ऑनलाइन दुकानांत 'बटरफ्लाय गार्डन' नावाखाली बराच माल दिसू लागतो. बियांची पाकिटं, लाल प्लॅस्टिकच्या फुलाचे फीडर, उभ्या फटींचं लाकडी घर, घडीचा जाळीचा पिंजरा, पेंटासच्या भरगच्च कुंड्या. यातली निम्मी कल्पना थंड देशांतल्या बागांवरून उचललेली आहे. तिकडे उन्हाळा म्हणजे फुलपाखरांची जत्रा. आपल्याकडे जत्रा भरते पाऊस ओसरताना. एप्रिल-मे हे त्यांचे कसेबसे ढकलायचे महिने. गवत वाळलेलं, ओढे आटलेले आणि कोवळी पालवी असलीच तर रोज पाणी घातलेल्या कुंडीत. म्हणूनच या दिवसांत चार कुंड्यांची ओली, हिरवी गच्चीही आसपासची फुलपाखरं ओढून घेते. पैसे कुठे घालायचे हे मात्र नीट ठरवायला हवं.

खालचं सगळं पुणे, ठाणे, नाशिक अशा शहरांतल्या गच्ची, बाल्कनी आणि सोसायटीच्या बागेपुरतं आहे. नागपूर-चंद्रपूरच्या उन्हात यातल्या प्रत्येक कुंडीला दुपारची सावली लागेल, हे धरूनच वाचा.

पानं आधी, फुलं नंतर

दुकानदार फुलं दाखवतो, कारण फुलं विकली जातात. फुलावर आलेलं फुलपाखरू दोन मिनिटं रस पिऊन जातं. मादी मात्र अंडी घालायला ठरावीक झाडाचं पान शोधते, आणि ते झाड कुंडीत असेल तर अंडं, अळी, कोष, फुलपाखरू हा सगळा फेरा तुमच्या कठड्याआत पुरा होतो. उन्हाळ्यात लाइम बटरफ्लायला त्यासाठी साधारण तीन-चार आठवडे लागतात.

कढीपत्ता. पाच स्टार, आणि किंमत चहा-वडापावच्या हिशोबात बसणारी. लाइम आणि कॉमन मॉर्मन या दोन्ही फुलपाखरांच्या माद्या यावर अंडी घालतात. बारा इंची कुंडी, दोन भाग माती, एक भाग शेणखत, एक भाग वाळू, खाली मोकळी भोकं. अंडी बहुतेक कोवळ्या पानावर घातली जातात, म्हणून फेब्रुवारीअखेर किंवा मार्चच्या सुरुवातीला झाडाचा वरचा तिसरा हिस्सा छाटायचा आणि पाणी नेमानं द्यायचं. दोन-तीन आठवड्यांत तांबूस-पोपटी पालवी फुटते. अंडं मोहरीच्या दाण्याहून लहान, गोल, फिकट पिवळं असतं. लहान अळी हुबेहूब पक्ष्याची शीट दिसते, म्हणून साफसफाई करणारे ती पुसून टाकतात. मोठी झाली की हिरवीगार होते आणि डिवचली तर डोक्यामागून नारिंगी किंवा लाल दुशिंग काढून उग्र वास सोडते. यात घाबरण्यासारखं काही नाही, तो वास मुंग्या-पक्ष्यांसाठी आहे.

चूक एकच होते, पण ती सगळेच करतात: एकच रोप आणतात. फूटभर उंचीचं रोप दोन-तीन मोठ्या अळ्या चार दिवसांत बोडकं करतात, मग उरलेल्या उपाशी मरतात. किमान तीन कुंड्या घ्या आणि फोडणीसाठी चौथी वेगळी ठेवा, तीही जाळीखाली. कागदी लिंबाचंही हेच, फक्त त्याला सोळा इंची कुंडी आणि अधिक ऊन लागतं. त्याला साडेचार.

पानफुटी हा या यादीतला सगळ्यात स्वस्त सौदा, कारण ती शेजाऱ्याकडून एक पान आणूनही होते. रेड पिएरोची अळी पानाच्या आत शिरून गर खाते. बाहेरून पानावर पारदर्शक, तपकिरी डाग दिसतात आणि लोक 'बुरशी लागली' म्हणून पान तोडून कचऱ्यात टाकतात. पान उजेडाकडे धरून पाहा. आत काळे दाणे आणि हलणारी अळी दिसली तर ते कुंडीतच राहू द्या. पाणी जास्त झालं तर पानफुटी सडते, बाकी तिची काहीच मागणी नसते. पाच स्टार.

हळदीकुंकू, म्हणजे लाल-पिवळ्या फुलांचं अस्क्लेपियास, प्लेन टायगरसाठी. रुईवरही तो वाढतो, पण रुई कुंडीत रुसते. हळदीकुंकू बियांपासून सहज येतं आणि त्याची फुलंही कामाची. त्यावर पिवळा मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, येणारच. इथेच बाग बिघडते: माव्यासाठी निंबोळी तेल मारलं की त्याच फांदीवरच्या अळ्याही जातात. ओल्या फडक्यानं किंवा बोटानं मावा पुसायचा, फवारणी करायची नाही. चीक डोळ्याला लागू देऊ नका. घरात लहान मूल असेल तर कुंडी उंचावर ठेवा. चार स्टार.

निळ्या फुलांचा चित्रक नर्सरीत 'प्लंबॅगो' म्हणून मिळतो. झेब्रा ब्लूची मादी कळ्यांच्या गुच्छात अंडी घालते. त्यामुळे फुलं गळू लागली की छाटणी करायच्या आधी कळ्या बघाव्यात. कृष्णकमळावर टॉनी कोस्टरच्या काटेरी अळ्या येतात आणि त्या वेल झपाट्यानं फस्त करतात. बाल्कनीची शोभा म्हणून वेल हवा असेल तर तो घेऊ नका, अळ्यांसाठी हवा असेल तर जरूर घ्या. सोसायटीच्या आवारात जागा असेल तर खोटा अशोक बहुधा आधीच उभा असतो. टेल्ड जे त्याच्या आणि सीताफळाच्या पानांवर वाढतो, त्यासाठी एक रुपयाही खर्चायला नको.

सायकसचा मामला उलटा आहे. शोभेसाठी महागात घेतलेल्या सायकसची नवी पालवी प्लेन्स क्यूपिडच्या अळ्या कुरतडतात आणि माळी लगेच औषध मारतो. फुलपाखरू बाग करायची ठरवलीच असेल तर वर्षातून एकदा एवढं नुकसान गिळावं लागेल.

ज्यात हमखास फसवणूक होते

कॉमन रोज आणि क्रिमझन रोज या फुलपाखरांसाठी हवी ती ईश्वरी, म्हणजेच सापसंद. नर्सरीत नाव सांगितलं की बरेचदा हातात पडतो त्याच वंशातला शोभेचा वेल: पानं रुंद, हृदयाकृती, आणि फूल मोठं, तांबड्या-पांढऱ्या नक्षीचं, बदकासारखं वळलेलं. ईश्वरीची पानं लांबट असतात, कधी कधी मध्ये आत गेलेली, आणि फूल लहान, फिकट हिरवट. फरक नुसता दिसण्याचा असता तर चाललं असतं. ऑस्ट्रेलियात रिचमंड बर्डविंग या फुलपाखराच्या माद्या याच शोभेच्या वेलावर अंडी घालतात आणि पान खाल्लं की अळ्या मरतात, म्हणून तिथे तो वेल उपटायच्या मोहिमा झाल्या. आपल्या 'रोज' फुलपाखरांसाठी असा धोका पत्करायचं कारण नाही. पान पाहिल्याशिवाय वेल घेऊ नका. फुलाच्या फोटोवर विकत असतील तर नाहीच.

दुसरी फसवणूक डोळ्यांना दिसत नाही. नर्सरीतली चकचकीत, एकही भोक नसलेली रोपं बरेचदा आंतरप्रवाही कीटकनाशकावर वाढलेली असतात. असं औषध मुळांतून रसात चढतं, त्यामुळे पानं धुऊन उपयोग होत नाही. अशा पानावरच्या अळ्या आधी सुस्त होतात, मग काळ्या पडून लोंबतात, आणि घरमालकाला वाटतं की उन्हानं गेल्या. उपाय कंटाळवाणा पण सोपा आहे: नवी रोपं जाळीखाली किंवा बाल्कनीच्या आतल्या बाजूला सहा आठवडे वेगळी ठेवायची, जुनी पानं छाटून टाकायची, शक्य तेवढी माती बदलायची आणि नवी पालवी आल्यावरच बाहेर मांडायची. ज्या नर्सरीत कढीपत्त्याची पानं थोडी कुरतडलेली दिसतील, तिथून निर्धास्त घ्या. एरवी कुणी अशी रोपं बाजूला सारतं, इथे तीच निवडून घ्यायची.

फुलं: थोडी, पण उघडी

पेंटास, एक्झोरा, डुरांटा, हॅमेलिया आणि स्टॅकिटार्फेटा हे पाचही उन्हाळ्यात फुलतात. जागा दोनच कुंड्यांची असेल तर पेंटास आणि स्टॅकिटार्फेटा घ्या. पेंटासची फुलं सुकली की गुच्छ देठासकट कापायचा, नाहीतर पुढचा बहर लांबतो. आठवड्याला मूठभर गांडूळखत पुरे. नत्राचं खत जास्त झालं तर पानंच पानं येतात.

घाणेरीवर फुलपाखरं तुटून पडतात, हे खरंच आहे. पण तिची फळं पक्षी खातात आणि बी रानात पेरतात. डोंगरउतारांवर तिनं काय केलंय ते सह्याद्रीत फिरणाऱ्यांना सांगायला नको. नव्यानं लावू नका. आवारात आधीपासून असेल तर हिरवी फळं धरताच छाटा.

बियांच्या पाकिटांना दोन स्टार, तेही झिनिया आणि कॉसमॉसपुरते. मार्चच्या पहिल्या आठवड्यात पेरलं तर आठवडाभरात उगवतं आणि दीड-दोन महिन्यांत फूल येतं, म्हणजे नेमकं मेच्या आगीत. मिश्र पाकिटात लार्क्सपर, कॉर्नफ्लॉवर, पॉपी ही नावं असतील तर ती आपल्याकडे थंडीत पेरायची फुलं. मार्चात ती बोटभर वाढून करपतात. झिनिया आणि झेंडूचे भरगच्च, गोंड्यासारखे प्रकार टाळा. पाकळ्यांची गर्दी झाली की सोंड रसापर्यंत पोहोचत नाही. निवडायची साधी खूण: फुलाच्या मधोमध पिवळी चकती उघडी दिसली पाहिजे.

आवारातल्या फटीत आपोआप उगवणारी एकदांडी मात्र उपटू नका. तिच्या पांढऱ्या-पिवळ्या फुलावर ग्रास यलो आणि बारीक ब्लू ही फुलपाखरं दिवसभर असतात, आणि ती फुकट आहे.

एक जिन्नस 'बटरफ्लाय गार्डन'च्या कुठल्याच मालात दिसत नाही, तो म्हणजे घागरी, कुणी तिला खुळखुळा म्हणतात. टायगर आणि क्रो फुलपाखरांचे नर तिच्या वाळक्या फांद्या-शेंगा सोंडेनं ओरबाडतात. त्यातल्या अल्कलॉइड नावाच्या विषारी द्रव्यांपासून ते मादीला भुलवणारा गंध तयार करतात. वाळलेली जुडी सावलीत टांगली की पुरे. पावसात भिजली तर बदला.

पाणी आणि खाणं

लाल प्लॅस्टिकच्या फुलाचा फीडर: एक स्टार, तो मुंग्यांकडून. साखरपाणी उन्हात दोन दिवसांत आंबतं, भोकं चिकटतात आणि मग तिथे माश्या. त्यापेक्षा मातीच्या थाळीत काळं पडलेलं केळं, अननसाची साल, आंब्याची कोय ठेवा. कॉमन बॅरन आणि इव्हनिंग ब्राउन ही फुलपाखरं फुलांकडे सहसा ढुंकूनही पाहत नाहीत, इथे मात्र तासभर बसतात. थाळी पाणी भरलेल्या परातीत विटेवर ठेवली की मुंग्या अडतात. परातीतलं पाणी रोज बदला आणि थाळी तिसऱ्या दिवशी धुवा.

चिखलपानाची, म्हणजे फुलपाखरांनी ओल्या मातीतून क्षार पिण्याची, ताटली विकत घेण्याची वस्तू नव्हे, कुंडीखालची दहा-बारा इंची मातीची बशी पुरते. दोन भाग वाळू, एक भाग माती, मूठभर जुनं शेणखत. एक लिटर पाण्यात पाव चमचा मीठ घालून ते आठवड्यातून एकदा, बाकी दिवशी साधं पाणी. नर इथे येतात ते क्षारांसाठी. ओल वाळूच्या पृष्ठभागापर्यंत हवी, वर पाणी तरंगता कामा नये. तरंगलं तर फुलपाखरू बसत नाही आणि डास मात्र होतात. डेंग्यूच्या तपासणीला महापालिकेचे लोक येतात तेव्हा पहिली नजर याच बशीवर जाते, हेही ध्यानात ठेवा. बशी सकाळच्या उन्हात आणि दुपारच्या सावलीत ठेवा, आणि मीठ वाढवू नका, त्यानं शेजारच्या कुंड्या जळतात.

उभ्या फटींच्या लाकडी घराला शून्य. फुलपाखरं रात्री पानांखाली, गवताच्या काडीला, दाट झुडपात टेकतात. खोक्यात शिरत नाहीत. शिरतात ते कोळी आणि गांधीलमाश्या. बागेच्या कोपऱ्यात वाळक्या पाल्याचा ढीग आणि एक न छाटलेलं झुडूप ठेवलं तर तेच काम होतं.

जाळीचा घडीचा पिंजरा तीन स्टार, अटीसह. साधारण दोन फूट उंचीचा घ्या. कोषातून बाहेर आलेल्या फुलपाखराला लटकून पंख सुकवायला खाली मोकळी जागा लागते. बुटक्या पिंजऱ्यात पंख मुडपतात आणि मग ते कधीच उडत नाही. एका पिंजऱ्यात चार-पाचच अळ्या. विष्ठा रोज झाडायची, नाहीतर बुरशी. कोषातून फुलपाखराऐवजी माशी किंवा बारीक गांधीलमाशी निघाली तर ती परजीवी आहे, तुमची चूक नाही. फुलपाखरू उडायला लागलं की लगेच सोडायचं. काही फुलपाखरं वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूचींत आहेत, त्यामुळे बाहेरून पकडून आणून कोंडणं हा प्रकार नकोच.

मोजणीची साधनं

इथे बहुतेकांचा उत्साह फोटोवर संपतो. फोटोंच्या ढिगातून 'यंदा वाढली की घटली' कळत नाही. त्यासाठी ठरलेली जागा, ठरलेली वेळ आणि शून्यसुद्धा लिहायची तयारी लागते.

सगळ्यात उत्तम साधन म्हणजे शंभर पानी वही आणि पेन्सिल. पाच स्टार. आठवड्याचा एक वार ठरवा आणि एकाच जागी पंधरा मिनिटं उभे राहा. रकाने एवढेच: तारीख, सुरू वेळ, ऊन-ढग, वारा, तापमान, जात, संख्या. संख्या लिहिताना एकावेळी दिसलेली जास्तीत जास्त लिहायची. एकच लाइम सहा वेळा चक्कर मारून गेला तर तो एकच. ब्रिटनमध्ये २०१० पासून चालणाऱ्या 'बिग बटरफ्लाय काउंट'मध्येही एका जागेवरून मोजताना हाच नियम आहे, आणि दुहेरी मोजणी टाळायला तो पुरतो.

सोसायटीची बाग मोठी असेल तर चालत मोजा. अर्नेस्ट पोलार्ड यांनी ब्रिटनमध्ये बसवलेली पद्धत अशी: ठरलेली वाट, संथ चाल, दोन्ही बाजूंना अडीच-अडीच मीटर आणि समोर पाच मीटर, एवढ्या खोक्यात दिसेल तेच मोजायचं. या पद्धतीची रुंदी आणि चाल घ्या, वेळ घेऊ नका. तिकडे थंडीमुळे दुपार निवडतात, आपल्याकडे एप्रिलच्या दुपारी फुलपाखरं सावलीत दडलेली असतात. साडेआठ ते दहा ही वेळ धरा आणि ती मेअखेर बदलू नका. नेहमी गोंधळ होतो तो यातच: मार्चमध्ये अकराला आणि मेमध्ये आठला मोजलं, मग दिसलेला फरक फुलपाखरांचा की घड्याळाचा?

ओळखीतले सापळे ठरलेले आहेत. कॉमन मॉर्मनच्या काही माद्या 'रोज' फुलपाखरांची नक्कल करतात. अंग लाल असेल तर 'रोज', काळं असेल तर मॉर्मन. प्लेन टायगर आणि डॅनाइड एगफ्लायची मादी यांत मागच्या पंखावरचे काळे ठिपके मोजा: टायगरला मध्यभागी तीन-चार, एगफ्लायला वरच्या कडेजवळ एकच. पीकॉक पॅन्सी उन्हाळ्यात खालून वाळक्या पानासारखी दिसते, पावसाळ्यात त्याच बाजूला डोळे असतात; जात एकच. ग्रास यलो उडताना जातीपर्यंत ओळखता येत नाहीत, तिथे 'ग्रास यलो' एवढंच लिहा. अंदाजानं लिहिलेलं नाव मोजणी बिघडवतं, वंशापर्यंत थांबलेलं नाव बिघडवत नाही.

आय-नॅचरलिस्ट या ॲपला ओळख पटवायला चार स्टार, मोजायला दीड. प्लेन टायगर किंवा लाइम ते क्षणात सांगतं. ब्लू आणि स्किपरच्या बाबतीत त्याची पहिली सूचना डोळे झाकून स्वीकारू नका. ब्लूचा फोटो पंख मिटलेल्या बाजूनं घ्या, पॅन्सीचा उघड्या पंखांचा. नोंद 'रिसर्च ग्रेड', म्हणजे संशोधनात वापरण्याजोगी, व्हायला किमान दोघांचं एकमत लागतं. घरच्या बागेची नोंद करताना ठिकाण 'ऑब्स्क्युअर्ड' ठेवा, म्हणजे नकाशावर तुमची गच्ची नेमकी दिसणार नाही. आणि एकाच फुलपाखराचे पाच फोटो पाच नोंदी म्हणून चढवू नका.

दुर्बीण घ्यायचीच असेल तर किती जवळचं स्पष्ट दिसतं ते आधी विचारा. पक्ष्यांसाठीच्या ८×४२ दुर्बिणींत दोन मीटरच्या आसपासचं अंतर मिळालं तर उत्तम. पेंटॅक्सची पॅपिलिओ ६.५×२१ अर्ध्या मीटरवरचंही दाखवते, कुंडीवरच्या ब्लूसाठी तिला तोड नाही. संध्याकाळच्या उजेडात मात्र ती अंधुक वाटते. चार स्टार.

देशभरातला 'बिग बटरफ्लाय मंथ' २०२० पासून सप्टेंबरात होतो आणि तेव्हा नोंदींचा पूर येतो. एप्रिल-मेची पानं मात्र कोरी राहतात, म्हणून उन्हाळ्यातल्या आठवड्याच्या पंधरा मिनिटांना वजन आहे. राज्य फुलपाखरू ब्लू मॉर्मन, २०१५ साली घोषित झालेलं, गच्चीवर यावं म्हणून खास रोप मागू नका. लिंबूवर्गीय झाड असेल तर तो येईल तेव्हा येईल.

मोजणीच्या वहीत आणखी एक रकाना आखा: सोसायटीची धूरफवारणी. तारीख आधी विचारून ठेवा, त्या दिवशी कुंड्या आत घ्या किंवा ओल्या चादरीनं झाका, आणि त्या आठवड्याच्या आकड्यापुढे खूण करा. पुढच्या तीन मोजण्या जर घसरल्या तर कारण शोधायला उन्हाकडे बघावं लागणार नाही.